बघायला शिकायचं म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कलाशिक्षणाचं दुसरं वर्ष चालू आहे. सगळे शिक्षक सांगतात, आधी बघायला शिक. मी चित्रासमोर उभी राहते, पण दोन मिनिटांत बघून संपतं. उलट चांगली चित्रं बघायला लागल्यापासून माझी चित्रं मलाच बघवत नाहीत. आधी हात सहज चालायचा, आता अडतो. दुसऱ्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती करून शिकावं का? आणि अमूर्त चित्रापुढे उभं राहून काय बघायचं?"

"दोन मिनिटांत बघून संपतं" हे तुझं वाक्य मला फार खरं वाटलं. गेली तीस वर्षं मी रेखाटन शिकवते आहे आणि ही तक्रार दर वर्षी कुणी ना कुणी करतंच, बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यात मन लावून काम करणारं मूल. चूक आम्हा शिक्षकांची आहे. "बघायला शिक" म्हणून आम्ही थांबतो. कशासाठी बघायचं आणि बघून काय करायचं, हे सांगायचं राहून जातं. आधी बघणं शिकायचं आणि मग काढणं, अशी दोन वेगळी कामं नाहीत. हाताला काहीतरी ठरवायचं असतं तेव्हाच डोळा नीट बघतो, आणि तुझ्या चारही प्रश्नांची उत्तरं मला याच एका गोष्टीत सापडतात.

हात लांब करून अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धर. एका वेळी साधारण तेवढ्याच जागेतलं तुला खरोखर स्पष्ट दिसतं. बाकीचं सगळं धूसर असतं. तरी समोरची पूर्ण खोली स्वच्छ दिसते आहे असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत असे नखाएवढे तुकडे गोळा करत राहतो. आता उडी कुठे मारायची हे कोण ठरवतं? 1960च्या दशकात आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने डोळ्यांच्या हालचाली नोंदवून याचा माग काढला. त्याने इल्या रेपिनचं एक चित्र घेतलं. हद्दपारीतून अचानक परतलेला माणूस घरात पाऊल टाकतो आहे आणि घरातले त्याच्याकडे बघत आहेत, असा तो प्रसंग. एकाच माणसाला हे चित्र वेगवेगळ्या सूचना देऊन दाखवलं. यातल्या लोकांची वयं सांगा म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवरून चेहऱ्यांवर फिरत राहिली. या घराची सांपत्तिक स्थिती कशी आहे म्हटल्यावर ती कपड्यांकडे, टेबलखुर्च्यांकडे, भिंतींकडे गेली. चित्र तेच होतं आणि डोळेही तेच. प्रश्न बदलला की बघण्याची वाट बदलत होती.

तू चित्रासमोर जाताना प्रश्न नेत नाहीस, म्हणून दोन मिनिटांत संपतं. बिनप्रश्नाचा डोळा चेहरे बघतो, ओळखीच्या वस्तू बघतो, नावं लावतो आणि मोकळा होतो. बाई, खिडकी, टेबल, झालं.

एक चित्र घेऊन हे करून बघू. योहानेस व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र तुला माहीत असेलच. साधारण 1660च्या सुमाराचं, आता अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आकार 45.5 बाय 41 सेंटीमीटर, म्हणजे उघडलेल्या वर्तमानपत्रापेक्षा लहान. आकार मुद्दाम सांगते आहे. पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद आहे आणि फोनच्या पडद्यावर ही दोन्ही चित्रं एकाच मापाची होतात. पडद्यावर चित्र बघायचं असेल तर आधी त्याचं खरं माप शोध आणि कागदाची चौकट कापून किंवा भिंतीवर दोरा लावून ते माप समोर ठेव. त्या बाईकडे बघायला जवळ जावं लागतं, आणि 'गेर्निका'समोर मान फिरवावी लागते. शरीराची ही हालचालही चित्राचाच भाग आहे.

आता वही उघड. काड्यापेटीएवढी चौकट आख आणि डोळे इतके बारीक कर की चित्रातले तपशील विरघळून जातील. फक्त तीन छटा वापर: काळी, मधली आणि कोरा कागद. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण त्यात तुला वीसेक निर्णय घ्यावे लागतील. भिंत कोऱ्या कागदात टाकायची की मधल्या छटेत? तू ती पांढरी म्हणून कोरी सोडशील आणि फसशील. खिडकी डाव्या बाजूला आहे, पण भिंतीचा डावीकडचा, खिडकीलगतचा भाग अंधुक आहे आणि उजवीकडचा उजळ. आता बाईकडे बघ. तिची खिडकीकडची बाजू उजेडात आहे आणि ती अंधुक भिंतीवर येते. तिची सावलीतली बाजू उजळ भिंतीवर येते. उजेडामागे अंधार आणि अंधारामागे उजेड, अशी अदलाबदल त्याने केली आहे. शिवाय उजव्या कडेला खांद्यावरून खाली जाणारी एक बारीक पांढरी रेघ आहे. ती कुठल्याच खऱ्या उजेडाने पडलेली नाही. बाई भिंतीपासून सुटी व्हावी म्हणून चित्रकाराने ती घातली. हे सगळं मी सांगून तुला कळलं, पण काड्यापेटीएवढं रेखाटन केलं असतंस तर तुझ्या हातानेच ते शोधलं असतं, आणि तसं कळलेलं विसरत नाही.

पुढचा प्रश्न: काय नाही? मी हा प्रश्न फार लाडका धरते. त्या भिंतीवर काहीच नाही. एक खिळा आहे, त्याची सावली आहे, काही भोकं आहेत. खिळ्याची सावलीही रंगवणारा माणूस एवढी भिंत मोकळी का सोडेल? 2022 साली संग्रहालयाने चित्राच्या आतल्या थरांची तपासणी जाहीर केली. त्यात असं दिसलं की बाईच्या डोक्यामागे आधी एक फळी होती, तिच्यावर सुरया टांगलेल्या होत्या, आणि खाली उजवीकडे एक टोपली होती. दोन्ही त्याने रंगाखाली झाकून टाकल्या. म्हणजे ती रिकामी भिंत काढून टाकण्यातून आलेली आहे. तुझ्या पुढच्या वस्तुचित्रात कोपरा भरायला एखादी बाटली ठेवायचा मोह होईल, तेव्हा त्या भिंतीची आठवण कर.

असं एक चित्र चाळीस मिनिटं बघ. एका दिवशी संग्रहालयातली साठ चित्रं बघू नकोस. एक बघ, फार तर दोन. आणि पहिली दहा मिनिटं "आवडलं" किंवा "आवडलं नाही" हे शब्द वर्ज्य. आवड ही गोष्ट महत्त्वाचीच आहे, पण ती लवकर बोलली की डोळ्याचं काम थांबतं. आपल्याकडे चित्राची सहा अंगं सांगणारा एक जुना श्लोक आहे, 'कामसूत्रा'वरच्या यशोधराच्या टीकेत आलेला. त्यात पहिलं नाव रूपभेदाचं आहे, मग प्रमाण, मग भाव. रूपारूपातला फरक ओळखणं आधी येतं. तो क्रम मला शिकवण्याच्या दृष्टीने फार शहाणा वाटतो.

आता काढण्याकडे. समोर एक साधा कप ठेव आणि काढ. तू कपाचं तोंड जरा जास्तच गोल काढशील आणि तळ सरळ रेषेत. माझ्या वर्गातल्या दहापैकी आठजणांचं असंच होतं. कारण तुला माहीत आहे की कपाचं तोंड गोल असतं आणि तळ टेबलावर सपाट बसलेला असतो. हे ज्ञान बरोबर आहे, पण दिसणं निराळं आहे. तोंड तुझ्या डोळ्याच्या पातळीच्या जवळ आहे, म्हणून त्याचं लंबवर्तुळ चपटं दिसतं. तळ त्या पातळीपासून जास्त खाली आहे, म्हणून त्याची कड जास्त गोलाई घेते. व्यक्तिचित्रातही हाच घोटाळा: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात, पण नवशिक्याच्या चित्रात ते वर सरकतात, कारण कपाळ आणि केसांखालची कवटी आपल्या लेखी बिनकामाची असते. चेहऱ्यावर जे बोलतं त्याला आपण जास्त जागा देतो. या चुका हात कच्चा असल्यामुळे होत नाहीत. वस्तूचं नाव डोळ्याच्या आधी कागदावर पोचतं, म्हणून होतात.

नावाला बाजूला सारायच्या काही जुन्या युक्त्या आहेत आणि त्या सगळ्या एकच काम करतात. खुर्ची काढायची असेल तर खुर्ची काढू नकोस, पायांच्या मधल्या रिकाम्या जागा काढ. त्या जागांना नावं नाहीत, त्यामुळे त्या जशा दिसतात तशाच उतरतात. पेन्सिल हात ताठ ठेवून धर आणि माप घे, कोपर वाकलं की माप खोटं होतं. चित्र आरशात बघ. आल्बेर्ती या इटालियन वास्तुकार-लेखकाने 1435 साली चित्रकलेवर लिहिताना आरशाला चित्राचा चांगला परीक्षक म्हटलं आहे, आणि लिओनार्दोनेही तोच सल्ला दिला. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका शिक्षकांनी माझा बोर्ड काही न बोलता उलटा करून इझलवर ठेवला आणि पुढे निघून गेले. तीन दिवस मी ज्या सुरईवर काम करत होते ती एका बाजूला कलंडलेली आहे, हे मला त्या क्षणी दिसलं. सुलट असताना ती "सुरई" होती, म्हणून उभी वाटत होती.

रंगाच्या बाबतीत नावं आणखी जास्त फसवतात. उन्हात पडलेलं काळं कापड खोलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा जास्त प्रकाश आपल्या डोळ्याकडे पाठवतं, तरी आपण एकाला काळं म्हणतो आणि दुसऱ्याला पांढरं. रोजच्या व्यवहाराला ते सोयीचं आहे, रंगवताना घातक. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लां या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी यायच्या. त्याने लोकर तपासली, रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे काळ्याला फिका दाखवत होते. त्यातून त्याने शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि 1839 साली तो प्रसिद्ध केला, पुढे चित्रकारांनी तो मनापासून वाचला. तू काय कर, राखाडी पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाड आणि त्यातून समोरच्या वस्तूचा एकेक तुकडा बघ. शेजारी झाकला गेला की रंग एकटा पडतो. पांढऱ्या कपाच्या सावलीत तुला निळसर, कधी हिरवट, कधी चक्क तपकिरी छटा दिसेल. पॅलेटवर तो रंग मिसळ आणि भोकाशेजारी धरून ताडून बघ. सुरुवातीला एका दिवसात तीन-चार रंगच जुळतील, तेवढे पुरेत.

आता तुझ्या प्रश्नातला सगळ्यात दुखरा भाग. चांगली चित्रं बघायला लागल्यापासून तुझीच चित्रं तुला बघवत नाहीत, हात अडतो. डोळा हाताच्या आधी शिकतो. हाताला एक गोष्ट शंभरदा करावी लागते, डोळ्याला ती पाच-सहा वेळा दिसली की पुरते. त्यामुळे शिकणाऱ्याच्या आयुष्यात अशी एक वेळ येतेच की त्याला आपल्या चुका दिसतात, पण सुधारता येत नाहीत. पूर्वी तुझा हात सहज चालायचा, कारण त्याला अडवणारं कुणी नव्हतं. आता डोळा अडवतो आहे. मी याकडे बिघाड म्हणून बघत नाही. गेल्या वर्षीचं आणि आजचं रेखाटन शेजारी ठेवून मला दाखवलंस, तर मी आजचं अडखळलेलंच आधी हातात घेईन.

पण या काळात बरीच मुलं काढणं थांबवतात, आणि मी हात जोडून सांगते, ते तेवढं करू नकोस. काढणं थांबलं की डोळा पुढे पळत राहतो आणि हात जिथल्या तिथे राहतो. सहा महिन्यांनी अंतर इतकं वाढलेलं असतं की पेन्सिल उचलायचीच भीती वाटते. माझ्या बाबतीत हे झालं होतं. त्यातून मी बाहेर आले ते एका अॅल्युमिनियमच्या किटलीमुळे. महिनाभर रोज एक रेखाटन, तीच किटली, कागदाचा आकार तोच, वेळ वीस मिनिटं. पहिला आठवडा उत्साहाचा होता, दुसरा नुसत्या कंटाळ्याचा. त्या कंटाळ्यातच मला पहिल्यांदा दिसलं की किटलीच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब वाकतं आणि ते वाकणं म्हणजेच पोटाचा आकार आहे. मी इतके दिवस कड काढून आकार सांगायचा प्रयत्न करत होते. दोन आठवडे ते प्रतिबिंब माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

विषय बदलत राहणं हा या वयातला मोठा शत्रू आहे, असं मला वाटतं. सेझाँने सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर तीसहून अधिक तैलचित्रांत रंगवला, जलरंगातली वेगळीच. 1906च्या सप्टेंबरमध्ये, मृत्यूच्या दीडेक महिना आधी, मुलाला लिहिलेल्या पत्रात तो नदीकाठच्या दृश्यांबद्दल सांगतो की जागा न बदलता नुसतं जरा उजवीकडे, जरा डावीकडे वाकलं तरी महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम समोर आहे. सदुसष्ट वर्षांच्या चित्रकाराला तेवढं पुरत होतं.

प्रतिकृतींबद्दल. जरूर कर. देगा तरुणपणी लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करत असे. व्हॅन गॉग सत्ताविसाव्या वर्षी, 1880 साली, चित्रकार व्हायचं ठरवून कामाला लागला तो छापील रेखाटनांचे धडे गिरवतच, आणि शेवटच्या वर्षभरात, हात पूर्ण तयार झालेला असताना, त्याने मीले या फ्रेंच चित्रकाराच्या वीसेक चित्रांवरून स्वतःची चित्रं केली. समोर होत्या कृष्णधवल छापील प्रती, रंग सगळे त्याचे. वादक दुसऱ्याची रचना वाजवतो तसं हे आहे, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलं. म्हणजे प्रतिकृती ही फक्त नवशिक्याची पायरी नाही. फक्त पूर्ण चित्र हुबेहूब करायला बसू नकोस, त्यात हात राबतो आणि डोकं झोपतं. एका वेळी एकच प्रश्न ने. आज फक्त कडा: कुठे तीक्ष्ण, कुठे पुसट. उद्या फक्त छायाप्रकाशाची विभागणी. परवा फक्त हाताच्या बोटांची दिशा. आणि प्रतिकृती संपली की ती झाकून ठेव आणि त्याच प्रश्नाने समोरच्या खऱ्या माणसाचं किंवा वस्तूचं रेखाटन कर. हा दुसरा भाग बहुतेक सगळे गाळतात आणि मग प्रतिकृतीतून काही मिळालं नाही म्हणतात.

अमृता शेरगिलचं उदाहरण मला इथे फार जवळचं वाटतं. तिचं शिक्षण पॅरिसचं, हात युरोपीय पद्धतीने घडलेला. 1936 साली तिने अजिंठा पाहिलं आणि 1937मध्ये दक्षिण भारतातल्या माणसांची तिची तीन मोठी चित्रं झाली. त्यांत अजिंठ्यातल्या आकृत्या उचललेल्या सापडत नाहीत. सपाट होत गेलेले रंग, आकृत्यांची सोपी केलेली बाह्यरेषा, एकमेकांशेजारी शांत बसलेली माणसं, हे मात्र सापडतं. काय उचलायचं हे तिने बघतानाच ठरवलं होतं, असं ती चित्रं शेजारी ठेवली की जाणवतं.

अमूर्त चित्राविषयी फार लांब सांगत नाही, कारण वेगळं काही करायचं नाही. "याचा अर्थ काय" हा प्रश्न थोडा वेळ बाहेर ठेव आणि व्हर्मीरला विचारले तेच प्रश्न विचार. सगळ्यात गडद कुठे, कड कुठे विरते, वजन कुठल्या बाजूला आहे, कुठला थर आधी आणि कुठला नंतर? वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत, आणि वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करत. त्यांच्या चित्रासमोर उभी राहिलीस की आधी एक रंग दिसेल. पाच मिनिटांनी त्या रंगाच्या मागे दुसरा दिसायला लागेल. काड्यापेटीएवढं तीन छटांचं रेखाटन त्याचंही कर. आकृती नाही म्हणून ते सोपं जाईल असं वाटेल, आणि ते जास्त अवघड जाईल, कारण कुठलंच नाव मदतीला येत नाही.

फोटोवरून काम करण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते: हे वर्ष तरी नको. फोटोत सावल्यांतले रंग बरेचदा काळ्यात बुडतात आणि तुला नेमके तेच शोधायचे आहेत.

उद्यापासून कप घे. तीन आठवडे, रोज वीस मिनिटं, तोच कप, डोळ्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेव, चुकलेली रेघ तशीच असू दे आणि शेजारी दुसरी मार. प्रत्येक पानामागे तारीख लिही आणि एकही पान फाडू नकोस. शेवटच्या दिवशी पहिलं पान काढून शेवटच्या पानाशेजारी लाव, दोन्ही आरशात बघ आणि फरक कुठे पडला ते मला लिहून कळव. मी आधी कपाचा तळ बघेन.